महिन्याची पिल्लं विकणारं केंद्र: पैसे वसूल, पण खुडूक कोंबडी तुमची तुम्ही बघा

परसात पंधरा-वीस कोंबड्या ठेवायच्या आहेत, शेड-बिड बांधून धंदा करायचा नाही, असं ज्यांच्या मनात आहे त्यांना आधीच सांगून टाकते: एका दिवसाचं पिल्लू घेऊ नका. महिनाभर वाढवलेलं, लसी झालेलं घ्या. पैसे जवळजवळ तिप्पट मोजावे लागतात. मी एका पिल्लाला १२० रुपये दिले. तरी हिशेबाला तेच परवडतं.

मी ज्या केंद्रातून पिल्लं घेतली ते लांजा तालुक्यातलं. बचत गटातली एक ताई चालवते. सरकारी कागदावर अशा जागेला ‘मदर युनिट’ म्हणतात, गावात ‘पिल्लांची शेड’. नाव-पत्ता देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही लिहिणार आहे आणि आमचा तालुका लहान. उद्या एसटीत शेजारी बसायचंय.

शेड जांभ्या चिऱ्याची, वर पत्रे, अर्ध्या भिंतीवर जाळी. पावसाची झड आत येऊ नये म्हणून जाळीला गोणपाटाचे पडदे, पण ते खालून वर ओढायचे. म्हणजे वरच्या फटीतून हवा खेळती राहते आणि पिल्लांच्या अंगावर वारा येत नाही. आत शिरताना मी नाकाला पदर लावला नाही, मुद्दामच. पोल्ट्रीत पाऊल टाकल्याबरोबर डोळे चुरचुरले तर समजावं की खालचं भाताचं तूस ओलं आहे आणि वर पडलेल्या विष्ठेचा अमोनिया सुटलाय. इथे डोळे ठीक राहिले. ताईने मूठभर तूस उचलून माझ्या हातात दाबायला दिलं. मूठ उघडल्यावर ते मोकळं सुटलं पाहिजे. लाडू वळला तर ओल जास्त. ती रोज सकाळी दाताळ्याने सगळं तूस खालीवर करते. कोकणातल्या हवेत हे एक काम चुकलं की रक्ती हगवण आलीच, मग कितीही हळद पाजा.

ऊब देण्याची जागा बघण्यासारखी आहे. पत्र्याची गोल वाटोळी कड, फूट-दीड फूट उंच, मध्ये टांगलेले बल्ब. गोल का, तर कोपरा मिळाला की पिल्लं तिथे एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. भिंतीवर थर्मामीटर आहे खरा, पण ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. पिल्लं बल्बाखाली घोळका करून चिवचिवत बसली की थंडी वाजतेय, कडेला पांगून चोच उघडून धापा टाकायला लागली की उकडतंय, आणि सगळीकडे सारखी पसरून टोचत फिरत असली की बल्ब बरोबर उंचीवर आहे. पाण्याच्या भांड्याच्या कडेत बारके गोटे टाकलेले, पिल्लू आत पडून भिजू नये म्हणून. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल आणि कधी येईल हे महावितरणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी कोळशाची शेगडी तयार ठेवलेली असते, पत्र्याच्या आडोशाला, वरचा पडदा उघडा टाकून.

घरी एका दिवसाची पिल्लं आणणाऱ्याला हे सगळं रात्री दोन वाजता उठून करावं लागतं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी असेल तर गोष्ट वेगळी, ती सगळं पंखाखाली करते. त्यावर पुढे लिहिते.

आता लसी. परसातल्या लोकांना महिन्याचं पिल्लू का परवडतं त्याचं खरं कारण यात आहे. मानमोडी म्हणजे राणीखेत. गावातल्या कोंबड्यांची जी ‘मर’ येते, मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि चार दिवसांत खुराडं रिकामं होतं, ती बहुतेक वेळा हीच. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. तिची ‘लासोटा’ नावाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या रोगाची, आणि महिन्याच्या आसपास परत लासोटा. लसीची बाटली शंभर-दोनशे पिल्लांच्या हिशेबाने येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. पंधरा पिल्लांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून परसातले लोक लस टाळतात आणि दोष नशिबाला देतात. ताईकडे एका वेळी पाचशे पिल्लं, तिला बाटली परवडते. त्या १२० रुपयांत मी खरं तर हे विकत घेतलं.

इथेच पहिली तक्रार. कुठली लस कोणत्या तारखेला दिली याचा कागद ती स्वतःहून देत नाही. मागितला तेव्हा वहीतून वाचून दाखवलं आणि मग एका चिठोऱ्यावर लिहून दिलं. तो चिठोरा जपून ठेवा. पुढच्या लसी आपल्याला द्यायच्या असतात: सहा ते आठ आठवड्यांत देवीची, पंखाच्या पातळ कातडीत टोचून, आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची मोठी लस, जिला दवाखान्यात ‘आर-टू-बी’ म्हणतात. आधीची तारीख माहीत नसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यातले साहेब पण अंदाजानेच बोलतात. वाडीतल्या चार-पाच घरांनी एकत्र येऊन टोपल्या नेल्या तर तिथेही बाटली वाया जात नाही.

दुसरी तक्रार जरा मोठी आहे. पैसे देताना टेबलावर एक हिरवी बाटली पुढे सरकवली जाते: ‘नैसर्गिक टॉनिक, लसीची गरज नाही’. लेबल कुणा दुसऱ्याचं, विकते ही. झाकण उघडून वास घेतला तर लसूण, हळद आणि गूळ. मी म्हटलं, “अगं, लसीची गरज नाही तर तू का देतेस?” ती हसली, म्हणाली, “काकी, ते बाटलीवाल्यांनी लिवलंय, मी थोडंच लिवलंय!” हे मला पटलं नाही. लसूण, हळद, तुळस कोंबड्यांना द्यावी, मीही देते. पण लसूण पाजून मानमोडी थांबत असती तर कोकणात एकही कोंबडी मेली नसती, लसणीची कमी कुणाच्या घरात आहे? नैसर्गिक पद्धत म्हणजे कोंबडीला उन्हात, मातीत, किड्यांत फिरू देणं. लस न देणं हा त्यातला भाग नाही. ज्यांनी हे दोन एकत्र कालवलंय ते बाटल्या विकतात.

तिच्या बाजूनेही लिहिते. मी विचारलं, पहिल्या दिवसांत पाण्यातून अँटिबायोटिक देतेस का. सरळ सांगितलं, “देते, तीन दिवस. पिल्लं लांबून येतात.” आणि गोणीतल्या तयार खाद्यात रक्ती हगवणीचं औषध आधीच मिसळलेलं असतं, हेही तिनेच दाखवलं, गोणीच्या शिवणीजवळच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात. बरेच विक्रेते ‘आमच्याकडे सगळं सेंद्रिय’ म्हणून मोकळे होतात. अंडं यायला पुढे चार-पाच महिने आहेत, तोवर औषधाचा अंश राहत नाही, त्यामुळे मला त्यात अडचण वाटली नाही. ज्यांना वाटते त्यांनी आधी विचारावं, ती खोटं बोलत नाही.

चोची कापलेल्या नव्हत्या, हे फार बरं. पिंजऱ्यात वाढवायच्या पक्ष्यांची चोच बोथट करतात, टोचाटोची होऊ नये म्हणून. परसातल्या कोंबडीची चोच कापली तर ती पालापाचोळा उकरून किडा उचलणार कशाने? तेव्हा कुठूनही घ्या, पण पिल्लू हातात उलटंपालटं करून बघा. चोच अखंड, डोळे टपोरे, बूड कोरडं आणि स्वच्छ, बेंबी मिटलेली, पाय सरळ. बुडाला पांढरं चिकटलेलं पिल्लू फुकट दिलं तरी आणू नका.

आणताना खोका नको, जाळीची पाटी किंवा करंड्या घेऊन जा, आणि सकाळी लवकर. घरी आल्यावर काय, हे तिने निघताना दोनदा सांगितलं: “काकी, आल्या आल्या खायला घालू नका. आधी गुळाचं पाणी, मग तासाभराने भरडा.” पहिला आठवडा खुराड्यातच कोंडून ठेवायची, म्हणजे घर कळतं. मग संध्याकाळी अंधार पडायच्या तासभर आधी सोडायची. लांब जायला वेळच उरत नाही, आपोआप परत येतात. आमच्याकडे एकही पिल्लू हरवलं नाही. दोन गेली ती मुंगसाने नेली, भरदुपारी, फणसाखालून. घारीचा त्रास त्या मानाने कमी, कारण पक्षी रंगीत आहेत आणि झाडोरा दाट. पांढरी कोंबडी असती तर वरून लगेच दिसली असती.

खाणं. संध्याकाळी मूठभर भरडा, म्हणजे पक्ष्यामागे चाळीस-पन्नास ग्रॅम: तांदळाची कणी, मका, थोडा कोंडा, पेंडीचा चुरा. बाकीचं त्यांचं त्या शोधतात. ताईच्या पत्रकात ‘दिवसाला १२० ग्रॅम’ लिहिलंय, पण तो हिशेब बंदिस्त कोंबडीचा. वनराजा (केंद्रात मिळणारी एक जात) हा अंगाने भारी पक्षी, त्याला बसल्या जागी पोटभर घातलं की चरबी चढते आणि अंडी कमी होतात. प्रथिनांसाठी मी वाळवीचं मडकं लावते. जुनं मडकं ओल्या गोणपाटाने, सुक्या शेणाने आणि पेंढ्याने भरायचं, वारुळाच्या जवळ जमिनीवर उपडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आत वाळवी चढलेली असते. पिल्लांसमोर झटकलं की जी झुंबड उडते ती बघायला शेजारची पोरं येतात. घराच्या वाशांपासून हा उद्योग लांब करावा, हे सांगायला नको.

केंद्रात अझोलाचं, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या हिरव्या वनस्पतीचं, विरजणही विकत मिळतं. ते मी घेतलं नाही. चांगलं खाद्य आहे, प्रथिनं भरपूर, पण आमच्या पावसात वाफा तुडुंब भरून अझोला गटाराला लागतो आणि मे महिन्यात पाणी तापून काळा पडतो. घाटावर ज्यांच्याकडे सावलीतली टाकी आहे त्यांनी जरूर करावा. आम्हाला शेवग्याचा पाला बरा, फांदी तोडून टांगली की काम झालं.

कवच मजबूत व्हायला चुना लागतो. तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपा चुलीत भाजल्या की हाताने चुरतात, त्या वेगळ्या वाटीत ठेवायच्या, भरड्यात मिसळायच्या नाहीत. अंडी देणारी कोंबडी हवं तेवढं उचलते. सुक्या मासळीची डोकी मात्र तशीच टाकू नका. मीठ कोंबडीला सोसत नाही. उकळून, ते पाणी फेकून, मग द्यावीत. उवा-पिसवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती जुन्या टायरमध्ये भरून ठेवलीय, पावसाळ्यात पडवीत. कोंबड्या तिथे ओळीने अंग लोळवून घेतात. याला पैसा लागत नाही, बाटली लागत नाही.

आता जातीबद्दल. केंद्रात वनराजा, ग्रामप्रिया आणि कधीमधी गिरीराजा असतात. पहिल्या दोन हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच काढल्या, गिरीराजा बंगळुरूची. वनराजा मांस आणि अंडी दोन्हीसाठी. परसात वर्षाला शंभर-एकशे दहा अंडी देते. ग्रामप्रिया अंगाने हलकी, अंडी जास्त, दीडशेच्या वर जाते. गावठी कोंबडी पन्नास-साठ. केंद्राच्या फलकावर ‘वर्षाला २०० अंडी’ रंगवलंय, ते परसात विसरा. थंडीत दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, पिसं झडताना तर बंदच पडतात, आणि हे असंच असतं. बल्ब लावून सोळा तास उजेड दिला तर वाढतात, पण मग आपण परसात कशाला आलो?

फलकावर जे नाही आणि ताईही विचारल्याशिवाय सांगत नाही ते हे: वनराजा खुडूक बसत नाही. अंड्यांच्या मागे लागून तिच्यातली ती सवयच गेलीय. म्हणजे आज पंचवीस पिल्लं घेतलीत की दोन-अडीच वर्षांनी परत ताईच्याच दारात. तिच्या धंद्याला ते बरं आहे, मी नाव ठेवत नाही, पण घेणाऱ्याला माहीत हवं. शिवाय ही संकराची जात, तिच्या अंड्यांतून घरी काढलेली पिल्लं आईबापासारखी भरत नाहीत.

माझा मार्ग असा की कळपात तीन गावठी कोंबड्या ठेवल्यात. त्यातली एक तांबडी, गळा उघडा, स्वभावाने खाष्ट. पेटीत दिवसरात्र बसून राहते, हात नेला की अंग फुगवून चोच मारते, ‘क्रुक क्रुक’ असा घोगरा आवाज काढते. ती खरी खुडूक. रोवळीत वाळू, वर पेंढा, आणि आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी रात्रीच्या वेळी तिच्याखाली सरकवायची. सासूबाई रोवळीत लोखंडाचा तुकडा आणि लाल मिरची ठेवायच्या, ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. मी अजून ठेवते. उपयोग होत असेल असं नाही, पण न ठेवता बसवायचा धीर होत नाही. सातव्या रात्री मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात काहीच दिसत नाही ते बाहेर. एकविसाव्या दिवशी पिल्लं. बल्ब नाही, शेगडी नाही, रात्री दोनला उठणं नाही. खाष्ट कोंबडीची पिल्लं मुंगूसही सहसा नेत नाही, ती त्याच्या अंगावर जाते. लसीचा प्रश्न तेवढा राहतो, आणि तिथे ताई उपयोगी पडते: तिची बाटली फुटते त्या दिवशी मी माझी पाटी घेऊन जाते, ती पाच रुपये पिल्लामागे घेते. ही सोय तिच्या फलकावर नाही, आपण विचारायची.

कडकनाथही आहे, वेगळ्या कप्प्यात, भाव दुप्पट. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मांस काळं, मागणी आहे. पण अंडी कमी देते आणि खुडूकही धड बसत नाही. इस्लामपूरकडचं २०१९ चं कडकनाथ गुंतवणुकीचं प्रकरण, ज्यात लोकांचे पैसे बुडाले, ते आठवत असेल त्यांना वेगळं सांगायला नको. हौस म्हणून दोन घ्या, पैसे होतील म्हणून वीस घेऊ नका.

आठवडी बाजारातली स्वस्त तलंग (तरुण कोंबडी) मात्र अजिबात आणू नका. घरात मर सुरू झाली की लोक उरलेल्या कोंबड्या घाईघाईने बाजारात आणतात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे घेतात. घेतलीच तर पंधरा दिवस कळपापासून लांब, वेगळ्या डालग्याखाली.

नवीन बॅच पाऊस ओसरल्यावर येते, फोन करून आधी सांगावं लागतं, निम्मे पैसे आगाऊ. जून-जुलैत घेऊ नका, ओलीत पिल्लं टिकत नाहीत. नर-मादी निवडून मिळत नाही. जे हातात येईल ते. माझ्या पंचवीसमध्ये अर्ध्याला जास्त कोंबडे निघाले. दहा माद्यांमागे एक ठेवला, बाकीचे गटारीच्या आठवड्यात किलोवर गेले आणि पिल्लांचे पैसे तिथेच निघाले. एक अजून आहे, पहाटे चारला ओरडतो, आमच्या ह्यांनी त्याचा भाव पाडून ठेवलाय. कुणाला हवा असेल तर शिमग्याच्या आधी सांगा.